राहिलेले

ऑफिसच्या प्रमुखबाईंनी टेबलावर एकामागून एक कागद मांडत नेले. टेबल पुरेना, तेव्हा उरलेले शेजारच्या खुर्चीवर ठेवले. साठ कागद होते आणि साठही एकसारखे. वर सोमवारची तारीख, मध्ये ‘तपासणी राहिलेले रुग्ण’ असा मथळा, खाली आडवी रेघ आणि रेघेखाली ‘एकूण: शून्य’. डोळ्यांच्या दवाखान्याचं हे संगणकाचं काम कंपनीकडे बारा वर्षं होतं. काचबिंदूच्या रुग्णाला ठरावीक महिन्यांनी डोळ्यातला दाब मोजून घ्यावा लागतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून लोक विसरतात. दर सोमवारी सकाळी प्रोग्राम तारीख उलटून गेलेल्यांची यादी काढायचा आणि तिथली परिचारिका त्यांना फोन करून बोलवायची. चौदा महिन्यांत त्या यादीत एकही नाव आलं नव्हतं. मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्याची मुलगी ‘आम्हाला बोलावलं का नाही’ म्हणून दवाखान्यात येऊन भांडली, तेव्हा कुठे कोणीतरी कपाटातले केसपेपर हातानं चाळले. दोनशे बारा माणसं राहून गेली होती. त्यातल्या ज्यांना आतापर्यंत गाठून तपासलं होतं, त्यांच्यापैकी नऊ जणांचा एकेक डोळा गेला होता. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे प्रमुखबाईंनी दोनदा सांगितलं. मग त्यांनी दिवा मालवला आणि समोरच्या भिंतीवर प्रोग्रामची एकच ओळ दिसू लागली. ओळीत ‘राहिलेले’ हवं होतं तिथं ‘रहिलेले’ होतं. एक काना राहिला होता.

भिंतीवरच्या त्या ओळीकडे पाहताना मास्तर खुर्चीत पुढे वाकला. आधी ओळखीचं वाटलं आणि मग भीती वाटली. नावं आपल्या भाषेत द्यायची, रोमन अक्षरांत लिहायची आणि कान्यासाठी ‘ए’ हे अक्षर दोनदा काढायचं, ही पद्धत त्याचीच. नव्या लोकांना सुरुवातीला हसू यायचं आणि महिन्याभरात तेही तसंच लिहू लागायचे, कारण त्यांना तो शिकवायचा. म्हणून तर ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत. छप्पन्न वर्षांचा, ऑफिसातला सगळ्यात जुना माणूस. “हे कोणी लिहिलंय?” प्रमुखबाईंनी विचारलं, आणि संगणकानं ओळीशेजारी नाव दाखवलं. नाव तिचं होतं, जिला तो शंका म्हणायचा आणि त्याचं ऐकून सगळेच म्हणू लागले होते. “त्या आता इथं नाहीत ना?” प्रमुखबाई म्हणाल्या, आणि खोलीतली हवा सैल झाली. कोणीतरी पाण्याची बाटली उघडली. फक्त चाचणीवाला, जो तसा कमी बोलायचा, म्हणाला, “पण यादीला असं भलतंच नाव विचारलं तर प्रोग्राम तिथंच बंद पडतो ना? पहिल्याच सोमवारी कळायला हवं होतं.” प्रमुखबाईंनी मास्तरकडे पाहिलं. “आपली यादी बंद पडत नाही,” तो म्हणाला. “पहिल्यापासून तशीच आहे.” ‘मी केलीय’ हे दोन शब्द जिभेवर आले होते, ते त्यानं गिळले. जणू यादी पावसापाण्यासारखी आपोआप तशी झाली होती.

पहिल्यापासून तशी ती मुळीच नव्हती. प्रोग्राम लिहायच्या ज्या भाषेत ते काम करत, तिच्यात यादी तयारच मिळते. घर घेताना दारंखिडक्या असतात तशी. तिला मोजता येतं, क्रम लावता येतो, उलटं फिरता येतं. आणि जे तिला येत नाही ते विचारलं की ती तिथंच थांबते, सगळा प्रोग्राम थांबवते आणि कुठल्या ओळीवर काय विचारलं ते सांगते. पण ती भाषा उदार होती. तिच्या तयार वस्तूंनाही तुम्ही आपले गुण चिकटवू शकत होता, आणि एकदा चिकटवले की साऱ्या प्रोग्राममधल्या प्रत्येक यादीला ते येऊ लागायचे. बारा वर्षांपूर्वी, दवाखान्याचं काम नुकतंच मिळालं होतं तेव्हा, त्यानं चार दिवस खपून त्या यादीला असं काही शिकवलं की पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. तिला कुठल्याही नावानं हाक मारा, ते नाव आधी लिहून ठेवलेलं नसलं तरी ती ते सुटं करायची, रुग्णांच्या माहितीत तसा रकाना शोधायची आणि उत्तर जागच्या जागी तयार करायची. यादीला म्हणा ‘राहिलेले’, राहिलेले पुढे. म्हणा ‘साठीपुढचे’, साठीपुढचे पुढे. आणि रकाना सापडलाच नाही तर? तर ती गुपचूप रिकामी यादी द्यायची. दवाखान्याचे मोठे डॉक्टर पाहायला आले त्या दिवशी घाईघाईत त्यानंच दोन ठिकाणी चुकीची नावं मारली होती. प्रोग्राम पडला नाही. पडद्यावर एक चौकट कोरी राहिली, डॉक्टरांना वाटलं अजून भरायची असेल, आणि काम पक्कं झालं. संध्याकाळी मालकांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. ती थाप पुढे कित्येक वर्षं त्याच्या खांद्यावर बसून होती. आरशात पाहताना तो खांदा जरा वरच असायचा.

भिंतीवरची ओळ लिहिणारी ती एकटीच तेव्हा म्हणाली होती, “मास्तर, कोणी नाही आणि मला कळलं नाही, ही दोन वेगळी उत्तरं आहेत. तुमची यादी दोन्हीला एकच उत्तर देते.” तिला येऊन वर्ष झालं असेल-नसेल. तो म्हणाला, “गिऱ्हाइकासमोर तोंडघशी पडायचंय का आपल्याला?” ती म्हणाली, “आपल्यासमोर तरी पडू दे. काम करताना ओरडू दे, तिकडे दिल्यावर गप्प करा.” त्याला ते पटलं होतं. आज भिंतीकडे पाहताना त्याला नेमकं तेच आठवलं, की त्याच क्षणी पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच तो चिडला होता. “हिला शंका म्हणत जा रे,” तो मोठ्यानं म्हणाला. सगळे हसले, तीही हसली, आणि नाव पडलं. त्यानंतर ती काही विचारायला तोंड उघडायची तेव्हा कोणीतरी आधीच म्हणायचं, आली शंका. हळूहळू तिनं विचारणं कमी केलं. दहा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून एका माणसानं विचारणं बंद करत न्यावं आणि आपल्याला त्याचा आरामच वाटावा, हे त्याला आज प्रथमच दिसत होतं, आणि दिसल्यावरही पहिलं वाक्य मनात आलं ते असं, की मीच काय, सगळेच हसायचे.

आणि ती ओळ तिनं लिहिली तो दिवस. तिचा शेवटचा दिवस होता. नवऱ्याच्या आजारपणात तिनं नोकरी सोडली होती आणि तो गेल्यावरही परत यायचं नाही असं कळवलं होतं. फक्त हातातलं काम संपवायला पंधरा दिवस आली होती. दवाखान्याचा जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर हलवायचा होता आणि त्यासाठी काही ओळी नव्यानं लिहायच्या होत्या. पाच वाजता तिचा निरोपसमारंभ. साडेचार वाजता तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत. “आवर आता, लोक थांबलेत.” तिनं शेवटच्या तीन ओळी लिहिल्या. “एकदा नीट चालवून बघते,” ती म्हणाली. “चालतंय की,” तो म्हणाला. चालतच होतं. चाचणीसाठी भरलेल्या खोट्या रुग्णांत तारीख चुकवलेलं कोणी नव्हतंच. शून्य यायला हवं होतं आणि शून्य आलं. तिच्या मानेवर बारीक घाम होता, हे त्याला दिसलं होतं. काना त्याला दिसला नव्हता. त्याचे डोळे पडद्यावर होते, तिच्या बोटांइतकेच जवळ, आणि चष्म्याचा नंबर नवाकोरा होता.

घरी जेवताना बायकोनं विचारलं, “ऑफिसात काही झालं का?” तो म्हणाला, “नाही, विशेष काही नाही.” ती एका कारखान्यात मालाची तपासणी करायची, दिवसभर सांधे, शिवणी आणि टाके पाहून तिची नजर अशी झाली होती की तिच्यापुढे काही लपवण्यात अर्थ नसे. पण ती ताट उचलून बेसिनकडे गेली. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेल्यापासून त्या घरात प्रश्न असे अर्ध्यावर सुटायचे. “तू पुन्हा विचारत का नाहीस?” त्यानं अचानक म्हटलं. बायको पाठमोरीच म्हणाली, “विचारलं की तू लगेच उत्तर देतोस. लगेच दिलेलं उत्तर धुवायला टाकलेल्या कपड्यासारखं असतं, ते कोणी अंगात घालत नाही.” नळाच्या आवाजात तिनं आणखी काही म्हटलं असेल. त्याला वडील आठवले. वडील बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसत, आणि खिडकीत बसून माहीत नाही असं म्हणायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. लोकांना ठाम आवाज लागतो. एकदा कॉलेजच्या सुट्टीत तो त्यांचा डबा घेऊन गेला होता, तेव्हा एका बाईला त्यांनी ठाम आवाजात सांगितलेली गाडी ती उभी असतानाच दुसऱ्या फलाटावरून निघून गेली. बाई परत खिडकीशी आली नाही. गाठोड्यावर बसून राहिली. वडिलांनी डबा उघडला, नीट जेवले आणि म्हणाले, “पुढची आहे की तिला दीड तासानं.” त्या वेळी त्याला वडिलांचा राग आला होता. तो राग कधी गेला आणि त्या खिडकीत आपण कधी जाऊन बसलो, त्याची तारीख काही सापडेना.

शनिवारी दुपारी तो शंकाच्या घरी गेला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत फळा. ती आता घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची. फळ्यावर अर्धवट पुसलेलं समीकरण होतं. तिनं दार उघडलं आणि आश्चर्य न दाखवता म्हणाली, “बसा मास्तर.” कंपनीचं पत्र तिला आदल्या दिवशीच आलं होतं, खुलासा मागितला होता. पत्र टेबलावर डस्टरखाली होतं.

“किती जण?” तिनं विचारलं.

“दोनशे बारा.”

“आणि त्यातले…”

“नऊ. आतापर्यंत नऊ. एकेक डोळा.”

तिनं मान हलवली. ती हाताच्या बोटांवरचा खडू दुसऱ्या हातानं काढत राहिली. “मी लिहून टाकलंय,” ती म्हणाली. “काना माझ्याकडून राहिला. दुसरं काय लिहिणार? ह्यांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. पण हे कारण काही लिहायचं नसतं.”

तो वाट पाहत होता. ती आता म्हणेल, मी तुम्हाला बारा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. म्हणजे मग त्याला म्हणता आलं असतं, हो, सांगितलं होतंस. तिनं एकदा तोंड फोडलं असतं की बाकीचं सोपं होतं. पण ती ते म्हणत नव्हती. ती विसरली होती की काय, हे पाहायला त्यानं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि त्याला कळलं की ती मुळीच विसरलेली नाही. तिला सगळं लख्ख आठवत होतं; ती फक्त त्याचं काम त्याच्यासाठी करणार नव्हती. खालून शिकवणीच्या मुलींचे आवाज जिन्यात आले. ती उठली.

“तुम्ही काही सांगायला आला होतात,” ती म्हणाली.

“छे,” तो म्हणाला. “सहजच. म्हटलं, कशी आहेस बघावं.”

“बरी आहे,” ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. जिन्यात मुलींनी भिंतीला टेकून त्याला वाट दिली. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला, कठडा धरून उभा राहिला. वर जाऊन दोन वाक्यं बोलायला अठरा पायऱ्या होत्या. त्यानं त्या डोळ्यांनी मोजल्या, वरच्या दाराला कडी लागल्याचा आवाज ऐकला आणि खाली उतरला. रस्त्यावर आल्यावर त्याला स्वतःचा राग आला, आणि पानपट्टीपर्यंत जाताजाता तो राग तिच्याकडे वळला. बोलली असती तर काय बिघडत होतं तिचं.

सोमवारी सकाळी सगळे यायच्या आधी तो ऑफिसात गेला आणि आपल्याच जागेवर बसून बारा वर्षांपूर्वीची ती फाइल उघडली. वरती त्याचं नाव, तारीख आणि खाली एक ओळ, जी त्यानं तेव्हा मोठ्या तोऱ्यात लिहिली होती: ही यादी कधीही अडत नाही. बदल फार लहान होता. जिथं काही न सापडल्यास रिकामी यादी द्यायची, तिथं आता थांबायचं आणि काय विचारलं ते सांगायचं. दोन ओळी खोडल्या, एक लिहिली. मग त्यानं दवाखान्याचा सगळा प्रोग्राम चाचणीच्या यंत्रावर एकदा पहिल्यापासून चालवला. तो पाचव्या सेकंदाला थांबला. ती चूक टिपून त्यानं पुढे चालवला. पुन्हा थांबला. असं करत करत अकरा वाजले. एकतीस ठिकाणी यादीला असं काही विचारलेलं होतं जे तिला येत नव्हतं, आणि एकतीसही ठिकाणी ती इतकी वर्षं शून्य म्हणत आली होती. औषधाची ॲलर्जी असलेले: शून्य. दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलेले: शून्य. पत्ता बदललेले: शून्य. शेजारी लिहिणाऱ्यांची नावं होती. शंकाचं नाव त्यात एकदाच होतं, तेच ते. एकोणीस वेळा त्याचं स्वतःचं होतं. कान्याच्या चुका, वेलांटीच्या चुका, एका ठिकाणी तर रकान्याचं नाव त्यानंच पुढे बदललं होतं आणि मागचं बदलायचं राहिलं होतं. त्याच्या कानात एक बारीक सूर लागला, विजेचा दिवा जाण्याआधी करतो तसा.

त्या एकतीस जागा लिहिलेला कागद घेऊन तो प्रमुखबाईंकडे गेला. त्यांनी वाचलं, उठून काचेचं दार लावलं आणि पुन्हा वाचलं. “कोणाला दाखवलंत?”

“नाही.”

“नका दाखवू. आहे ते दुरुस्त करा, एकेक करून, गाजावाजा न करता.”

“दवाखान्याला कळवायला पाहिजे. ॲलर्जीचं तरी आजच.”

“ॲलर्जीचं मी आत्ता फोनवर सांगते. पण अहवाल शुक्रवारी गेलाय, मास्तर. कारण एक दिलंय, लेखनदोष. त्यांनी ते मान्य केलंय. आता दुसरं कारण पाठवलं की पहिलंही खोटं वाटतं.”

“पहिलं खोटंच आहे,” तो म्हणाला. आपला आवाज इतका साधा निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. “तिचा काना राहिला. कोणाचाही राहतो. यादी ओरडली असती तर त्याच दिवशी संध्याकाळी सापडला असता. ओरडायचं मी बंद केलंय. ती तेव्हाच मला नको म्हणाली होती.”

प्रमुखबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. वयानं त्या त्याच्या धाकट्या बहिणीएवढ्या होत्या आणि मनानं वाईट नव्हत्या. “अहवालात नाव घातलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “‘पूर्वीची कर्मचारी’ एवढंच लिहिलंय.”

“पूर्वीची अशी एकच आहे.”

“ते त्यांना ठाऊक आहे, त्याला मी काय करू? आणि त्यांचा खुलासाही आलाय, त्यांनी स्वतःच चूक कबूल केलीय. तुम्ही आता मध्ये येऊन कोणाचं भलं करणार?” मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, “तुम्ही थकलात. दवाखान्यानं फोन करायला एक माणूस मागितलंय, उरलेल्या लोकांना बोलवायचंय. जाता का? तेवढाच बदल.” हे त्यांनी दया म्हणून सांगितलं की शिक्षा म्हणून, ते त्यांनाही नीट माहीत नसावं. त्यानं कागद परत मागितला. त्यांनी तो घडी घालून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

दवाखान्यातली खोली अरुंद होती. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, खाली दोन टेबलं, दोन फोन. परिचारिका पन्नाशीची होती, बोलकी. “मी डॉक्टरांना काय म्हणायची माहितीये?” ती केसपेपरांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवत म्हणाली. “लोक सुधारले हो, म्हणायची. पूर्वी फोन करकरून घसा बसायचा, आता बघा, सगळे आपापले वेळेवर येतात. चौदा महिने मी खुशीत होते.” तिनं हसायचा प्रयत्न केला आणि चष्मा काढून पदरानं पुसला. “तुम्ही कंपनीतले ना? त्या बाईचं फार वाईट वाटतं मला. एक अक्षर हो.” त्यानं फोन पुढे ओढला. पहिल्या सहा जणांना त्यानं फोन केले. चौघांनी उचलला नाही. एकानं उद्या येतो म्हटलं, एकीचा मुलगा शिव्या देऊन मोकळा झाला, आणि त्या शिव्या ऐकताना त्याला जे वाटलं ते जवळजवळ सुख होतं. कोणीतरी त्याला, त्यालाच, बोलत होतं. मग कळलं की मुलगा आधीच्या कुठल्यातरी विजेच्या बिलाबद्दल बोलत होता, त्याला वाटलं हा तिकडचाच फोन. सातवा केसपेपर एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा होता, वय अडुसष्ट. तिनं दुसऱ्याच घंटेला उचलला.

“डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतोय. तुमची तपासणी राहिलीय.”

“हो का,” ती म्हणाली. “बरं झालं बाई फोन आला. डाव्या डोळ्यानं दिसायचं उन्हाळ्यातच बंद झालं माझं. शेजारीण म्हणायची, जा, जा. मी म्हटलं, काही असतं तर त्यांनी बोलावलं असतं. दर खेपेला बोलवायचे. बोलावत नाहीत, म्हणजे त्यांच्या कागदावर सगळं ठीक असणार. वयाचं असेल म्हटलं हे.”

परिचारिका दुसऱ्या फोनवर बोलत होती. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्याला चष्म्यातूनही लागत नव्हती. “आजी,” तो म्हणाला, “चूक आमची होती. तुमचं नाव यादीत यायला हवं होतं, ते आलं नाही. ती यादी मी केलेली. माझ्यामुळे आलं नाही.”

मग ती म्हणाली, “अहो, असू द्या. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता. तुम्ही तर आठवणीनं फोन केलात. एवढं कोण करतं हल्ली?”

“नाही, तुम्ही ऐका…”

“ऐकते की. उद्या येऊ का? सकाळी येते. एका डोळ्यानं जिना जमत नाही, पण शेजारणीला घेऊन येते. तुमचं नाव सांगून ठेवा, खाली विचारायला बरं पडेल. सावकाश सांगा हं, मोठ्या अक्षरांत लिहितेय.”

त्यानं आपलं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. ती प्रत्येक अक्षर पुन्हा म्हणत लिहीत होती; पेन्सिलीचा आवाज फोनमधून येत होता. लिहून झाल्यावर तिनं ते पूर्ण नाव एकदा वाचून दाखवलं आणि म्हणाली, “भलं माणूस आहात.” तो उत्तर द्यायला गेला, तोवर तिनं फोन ठेवला होता. परिचारिकेनं हात लांब करून तिच्या केसपेपरवर बरोबरची खूण केली आणि आठवा त्याच्यापुढे ठेवला.